डाव्या बाजूची नळी

"डावीकडून काहीच येत नाहीये," सर म्हणाले.

त्यांच्या डोक्यावरचा हेडफोन काढून मी स्वतः घातला. डाव्या कानात तारप्याची एक नळी वाजत होती, उजव्या कानात दुसरी, आणि मधोमध घुंगुरकाठीचा ठेका. स्वच्छ आवाज, कुठे खरखर नाही.

"सर, येतंय की."

"मला नाही येत. तू नीट बघ, सुजाता."

डहाणू रोडला माझं ऑडिओ रिपेअरिंगचं दुकान आहे. अ‍ॅम्प्लिफायर, मिक्सर, जुने टेपरेकॉर्डर. लग्नाच्या सीझनमध्ये तलासरीकडच्या बँजो पार्ट्या आणि डीजेवाले एवढे येतात की जेवायला वेळ मिळत नाही. कॉम्प्युटर माझा धंदा नाही. पण वसंतसरांना नाही म्हणणं मला जमत नाही, त्यांनी मला गणित शिकवलंय. त्याआधी कित्येक वर्षं ते झरीच्या शाळेवर होते. सरावलीला त्यांची चिकूची वाडी आहे. त्यांचे भाऊ वाडी बघायचे आणि सर स्कूटरवरून झरीला जायचे.

त्यांचा कॉम्प्युटर म्हणजे एक जाडजूड कीबोर्ड. सगळं मशीन त्या कीबोर्डच्याच पोटात. तो टीव्हीला जोडायचा आणि प्रोग्रॅम कॅसेटवरून चढवायचा. पूर्वी परदेशातल्या कुणा नातेवाइकाने आणून दिलेला. झरीला जान्याबाबा नावाचे तारपा वाजवणारे होते. तारपा म्हणजे भोपळ्याचं फुंकवाद्य. सर त्यांच्यासमोर बसून चाल ऐकायचे, घरी येऊन एकेक सूर आकड्यांत बसवायचे आणि दुसऱ्या दिवशी जाऊन पुन्हा ताडून बघायचे. जान्याबाबा आता नाहीत. त्यांचं वाजवणं कुणी रेकॉर्ड केलं नाही. राहिलं ते या मशीनच्या कॅसेटवर, आणि ती वाजते फक्त याच मशीनवर. आवाज खेळण्यासारखा टीटी करतो, पण चाल पक्की आहे.

सरांची तक्रार एकच होती. तारप्याला दोन नळ्या असतात आणि दोन्ही एकदम वाजतात. मशीनमध्ये मात्र त्यांचा काला होतो. "कुठली नळी काय म्हणतेय तेच कळत नाही. जान्यासमोर बसलं की दोन्ही वेगळ्या ऐकू यायच्या. तू स्टिरिओ करून दे."

हे करता येतं. या मशीनमध्ये आवाजाची एक चिप असते, ती एका वेळी तीन सूर काढते. तिन्हींसाठी तीन वेगळे पाय, म्हणजे पिना, असतात. पण कंपनीने ते तिन्ही पाय आत एकाच तारेला जोडलेत, म्हणून सगळं एकत्र बाहेर येतं. काम इतकंच की ते पाय सॉकेटमधून बाहेर काढायचे, पहिला डावीकडे न्यायचा, तिसरा उजवीकडे, आणि मधला दोन्हींना अर्धा अर्धा वाटून द्यायचा. मग एक छोटा हेडफोन अ‍ॅम्प्लिफायर. सांगायला सोपं आहे.

पण आपल्याकडे समुद्राची हवा. डहाणूत पितळ हिरवं पडतं, तिथे चिपच्या पायांची काय कथा. डावीकडे जाणारा पाय मी जेमतेम वाकवला आणि तो मुळाशी कट्‌कन तुटला. ही चिप सहज मिळत नाही. मिळाली तर खरी निघेल याची खात्री नाही. ती मेली तर जान्याबाबांची चाल दुसऱ्यांदा मेली, आणि या वेळी माझ्या हातून.

शेवटी चिपचं काळं अंग कानसून आतला धातू थोडासा उघडा केला आणि त्यावर केसाएवढी तार सोल्डर केली. चालू केलं तर तिन्ही सूर वाजले. मी देवाला हात जोडले आणि सरांना फोन केला.

आणि आता सर म्हणत होते, डावीकडून काही येत नाही. नेमकी माझ्या सोल्डरचीच बाजू.

सर आणि काकी, म्हणजे सरांच्या पत्नी, स्टुलांवर बसले होते. मी झाकण पुन्हा काढलं. भिंगातून जोड बघितला, ठीक होता. स्कोप लावला. स्कोप म्हणजे आवाजाची लाट पडद्यावर दाखवणारं यंत्र. डाव्या बाजूची लाट उजवीइतकीच मोठी.

"आता?"

"नाही."

मी आवाज वाढवला. "आता?"

"उजवीकडून कान फाटतोय. डावीकडे शुकशुकाट."

"यांना काही विचारायची सोयच राहिली नाही हल्ली," काकी म्हणाल्या. "मी स्वयंपाकघरातून हाका मारून दमते, हे पेपरात डोकं घालून बसलेले. मास्तरकी संपली, तोरा काही संपला नाही."

सर हसले नाहीत. त्यांनी ऐकलंच नसावं. काकी त्यांच्या डाव्या हाताला बसल्या होत्या.

हे तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं, पण माझं डोकं त्या केसाएवढ्या तारेत अडकलेलं. जोड गरम झाल्यावर सुटत असेल का? मी तो उकलून पुन्हा केला. एक चुकीचा स्पर्श आणि खेळ खलास.

"आता, सर?"

"नाही गं."

मग मला रमण आठवला. रमण तलासरीचा बँजोवाला. वरात तोंडावर आली की याचा हमखास फोन, "बेन, एक साइड बंद पडली, काय करू?" मी त्याला दरवेळी एकच सांगते. उघडू नकोस काही, आधी स्पीकरपाशी डाव्या-उजव्या वायरींची अदलाबदल कर. बंद बाजू बदलली तर दोष वायरीत किंवा तिच्या मागे. बंद बाजू तीच राहिली, तर स्पीकरच गेलाय. लोकांना शिकवते आणि स्वतः मात्र अर्धा दिवस सोल्डर उकरत बसले होते.

"सर, हेडफोन उलटा घाला. डावा उजव्या कानावर."

त्यांनी घातला. थोडा वेळ ऐकलं. त्यांचा चेहरा खुलला.

"आली! पहिली नळी आली! बघ, जान्या इथे असा खाली उतरायचा." मग ते थांबले. "पण आता दुसरी गेली."

"कुठल्या कानात काही येत नाहीये?"

"डाव्या."

दोष जागेवरच राहिला होता. माझी तार, माझा जोड, चिप, सगळं ठणठणीत होतं. अशा वेळी कारागिराला हायसं वाटतं. मला मात्र पहिल्यांदाच वाटलं, दोष माझ्या कामातच निघू दे. कितीही वेळा उकलून करीन.

"सर, डावा कान कधीपासून असा आहे?"

"असा म्हणजे? दडा बसलाय जरा. सर्दीचा. मागच्या आठवड्यात सकाळी उठलो तेव्हापासून. लसूण घालून तेल सोडतोय, सुटेल."

काकी त्यांच्याकडे वळल्या. "मला नाही सांगितलंत?"

त्यांनी तेही ऐकलं नाही.

रमणचं पुढचं सांगायचं राहिलं. एकदा त्याचाही कान असाच एका सकाळी बसला होता. तोही दडा म्हणून तेल घालत राहिला, सीझन संपल्यावर डॉक्टरकडे गेला. तोवर उशीर झाला होता. आता तो मिक्सरवर एका कानाने काम करतो आणि मान वाकडी ठेवतो.

मी हे सरांना उजव्या बाजूला जाऊन सांगितलं.

"बरं, बरं. जाऊ सोमवारनंतर. आधी मला दोन्ही नळ्या नीट ताडून बघू दे. ते मशीन पिशवीत भर."

"मशीन नाही मिळणार."

"काय?"

"डॉक्टरला दाखवून या, मग न्या."

"माझं मशीन आहे ते, सुजाता!"

"हो. आणि झाकण उघडं आहे, स्क्रू माझ्याकडे आहेत."

वर्गात कुणी उलट बोललं की सर खडू खाली ठेवून बघायचे, तसे बघत राहिले. पण काकींनी पिशवीची घडी घातली, त्यांचा दंड धरला आणि म्हणाल्या, "उठा. वापीला जायचंय, आत्ताच."

ते गेले. मी शटर अर्धं ओढून आत बसले. काम सुचेना. आपण आगाऊपणा केला असं वाटत होतं, आणि उशीर झाला असेल असंही वाटत होतं. फोन वाजला की मी झडप घालून उचलायचे, आणि तो कुठल्या तरी डीजेवाल्याचा निघायचा.

काकींचा फोन आला तो संध्याकाळी. दडा नव्हता. बिघाड कानाच्या नसेत होता. अशा दुखण्यात सुरुवातीचे दिवस महत्त्वाचे, असं डॉक्टर म्हणाले. गोळ्या सुरू केल्या, शब्द मात्र कशाचाच दिला नाही. "तेल ओतून दिलं मोरीत," काकी म्हणाल्या आणि त्यांना रडू फुटलं.

पुढचे काही आठवडे मशीन माझ्या टेबलावर झाकून होतं. मी त्याला हात लावला नाही.

मग एका सकाळी सर काकींसोबत आले. स्वतःच हेडफोन उचलून घातला, या वेळी सरळ. मी कॅसेट चढवली. ते डोळे मिटून बसले. चाल संपली, पुन्हा लावायची खूण केली.

"येतेय," शेवटी ते म्हणाले. "डावीकडची पुरती नाही. लांबून येतेय. झरीच्या वळणावर स्कूटर बंद केली की ऐकू यायची ना जान्याची, तेवढी."

मी स्क्रू लावले. काकींनी पिशवी उघडली.

जाताना सर म्हणाले, "डाव्या बाजूचा आवाज थोडा वाढवता येईल का?"

"येईल. पण उद्या कान आणखी सुधारला तर?"

"मग कमी करायला येईन."

तेव्हापासून एक बाजू बंद म्हणून कुणीही आलं, की स्क्रूड्रायव्हर उचलायच्या आधी मी त्याला हेडफोन उलटा घालायला लावते. लोक हसतात. बहुतेक वेळा वायरच तुटलेली निघते. मी ती आनंदाने जोडून देते.