दोन पिस्तुलं आणि विणकामाची सुई

माझा नवरा घरात कोळी दिसला तर त्यावर पेला पालथा घालतो, खालून पोस्टकार्ड सरकवतो आणि त्याला बागेत सोडून येतो. चाळिशी जवळ आल्यावर या माणसाने पिस्तूल घ्यायचं ठरवलं.

हे २०१७ सालचं. आम्ही आयर्लंडमध्ये, डब्लिनजवळ स्वोर्ड्सला राहत होतो. तो शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, चेरीवूडला एका सॉफ्टवेअर कंपनीत होता आणि जाता-येता बसमध्ये त्याला भरपूर वेळ मिळायचा. त्या वेळात त्याने जुन्या पिस्तुलांबद्दल इतकं वाचलं, की स्वयंपाक करताना मलाही घोडा, चाप, नळी असलं काहीबाही ऐकावं लागे. आधी तो गार्डा स्टेशनात, म्हणजे इथल्या पोलीस ठाण्यात, जाऊन विचारून आला. "मला घरात पिस्तूल ठेवायचंय," हे वाक्य त्याने तिथे नेमकं कसं म्हटलं ते मला कधीच कळलं नाही. पण दीडशे वर्षांपूर्वीचं, फक्त शोभेला ठेवायचं असेल तर चालेल असं समजावून त्याला परत पाठवलं गेलं.

मग एक जाहिरात सापडली. गावाबाहेर राहणाऱ्या एका आजींकडे खिशात मावणारी दोन पिस्तुलं होती. डब्लिनच्या एकाच कारागिराची, एकाच घडणीची. त्यातलं एकच विकायचं होतं, कुठलंही, किंमत तीच. उरेल ते त्या ठेवणार होत्या.

नवऱ्याने तक्ता केला. पहिल्या पिस्तुलाची लाकडी मूठ तडकलेली होती आणि पितळेची पट्टी ठोकून सांधलेली. दुसऱ्याची मूठ गुळगुळीत, घोड्याजवळच्या पोलादावर वेलबुट्टीचं सुरेख कोरीवकाम. तीन आठवडे तो फोटो मोठे करकरून बघत होता. दोनदा आजींकडे जाऊनही आला. दोन्ही वेळा चहा, स्कोन आणि हवामान झालं, पिस्तुलं हातात घेऊन झाली, निर्णय काही झाला नाही. शेवटी 'अस्सलपणा' या रकान्यात दुसऱ्याला दहापैकी नऊ गुण देऊन त्याने ते पक्कं केलं.

तेवढ्यात नागपूरहून माझे सासरे आले. सरकारी कारखान्यात त्यांनी तीस वर्षं यंत्राचे सुटे भाग तपासले होते. मुलगा तपासतो ते सॉफ्टवेअर दिसत नाही, त्यामुळे त्याच्या नोकरीवर त्यांचा फारसा विश्वास नव्हता. पण तपासायची वस्तू लोखंडाची आहे म्हटल्यावर ते कोट घालून गाडीत बसले.

"कितीचं हाये?" त्यांनी वाटेत विचारलं. नवऱ्याने सांगितलं. पुढचा रस्ताभर ते खिडकीबाहेर मेंढ्या बघत राहिले.

आजींनी दोन्ही पिस्तुलं टेबलावर टॉवेल अंथरून मांडली होती. त्या बुटक्या, टवटवीत, ऐंशीच्या पुढच्या. पिस्तुलं त्यांच्या वारलेल्या नवऱ्याची. इकडच्या जुन्या बायका नवऱ्याला 'हिमसेल्फ' म्हणतात, अगदी आपल्याकडच्या 'हे' सारखं. "हिमसेल्फ असते तर तुम्हाला तास तास माहिती दिली असती," असं म्हणून त्या चहा करायला आत गेल्या.

सासऱ्यांनी दोन्ही पिस्तुलं हातात तोलली. मग खुर्चीवरच्या विणकामातून एक मोकळी सुई उचलली आणि तडकलेल्या पिस्तुलाच्या नळीत घातली. सुई खोल गेली. ती काढून दुसऱ्याच्या नळीत घातली. पेराभर जाऊन अडकली.

"हे ठोस हाये," ते म्हणाले.

"म्हणजे?" नवऱ्याने विचारलं.

"म्हणजे नुसतं तोंडाशी भोक पाडलं हाये. अंदरून भरीव. याच्यातून गोळी काय, उंदीरबी निघत नाही. नकली हाये बाप्पा. तू नळीत पाह्यलं नाही काय?"

पिस्तुलाच्या नळीत डोळा लावायचा नाही, हा नवऱ्याने स्वतःपुरता केलेला सुरक्षेचा नियम होता.

स्वयंपाकघरातून कपांचा आवाज येत होता. आम्ही तिघं मराठीत कुजबुजू लागलो. कुजबुजण्याची काही गरज नव्हती.

"आजींना सांगायचं का?" मी विचारलं.

"वेडी आहेस का?" नवरा म्हणाला. "त्यांच्या नवऱ्याची आठवण आहे. फसवलं असणार बिचाऱ्याला कुणीतरी."

"मग खरं घे आणि चल."

"आणि त्यांच्याकडे खोटं ठेवून जाऊ? उद्या कुणी दाखवून दिलं तर?" त्याने डोळे मिटून घेतले. "मी खोटंच घेतो."

सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. "लहानपणी असा नव्हता हा," ते म्हणाले.

आजी ट्रे घेऊन आल्या. नवरा उभा राहिला आणि मुलगी मागायला आल्यासारखा गंभीरपणे म्हणाला, की त्याने ठरवलंय, तो कोरीवकामाचं पिस्तूल घेणार.

आजींनी ट्रे ठेवला. चेहरा पार उतरला. "ते?" त्या म्हणाल्या. "नक्की? ते दुसरं जास्त चांगलं आहे हो."

"नाही, मला हेच हवं," नवरा म्हणाला. त्याग करायचं एकदा ठरवलं की तो ऐकत नाही.

आजी खुर्चीत बसल्या, आणि त्यांना सुई दिसली. ती अजून नळीत अडकलेली होती. त्यांनी सासऱ्यांकडे पाहिलं. सासऱ्यांनी चहाकडे पाहिलं. मग आजी हसू लागल्या, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरले.

"ते हिमसेल्फनी बनवलंय," त्या म्हणाल्या. "गुडघे गेले त्या हिवाळ्यात, मागच्या शेडमध्ये. पुढे वीस वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला जोडीतलं म्हणून दाखवत होते. एकालाही ओळखता आलं नाही. आता मीच कशी सांगणार? मला वाटलं, ज्याला कळतं तो आत बघेल आणि खरं घेऊन जाईल." त्यांनी नवऱ्याच्या हातावर थोपटलं. "पण तुम्ही तीनदा आलात आणि आत बघेचनात."

मी सासऱ्यांना मराठीत सगळं सांगितलं. त्यांनी ते नकली पिस्तूल पुन्हा उचललं, चष्मा कपाळावर सरकवला आणि घोड्याजवळचा वेल बोटाने चाचपला.

"हाताने केलं? मशीन नाही?"

"नाही म्हणतात."

"त्याइले भेटाले पाह्यजे होतं," ते म्हणाले. खरं पिस्तूल त्यांनी परत पाहिलंही नाही.

आजींना शब्द कळले नाहीत, पण त्या उठल्या आणि सासऱ्यांना शेड दाखवायला घेऊन गेल्या. आम्ही खिडकीतून शेडच्या उघड्या दारात बघत होतो. दोघं पाऊण तास बाहेर आलीच नाहीत. ते नागपुरी हिंदीत बोलत होते, त्या इंग्रजीत. मध्ये कानशी, पकड, पाना असल्या वस्तू वर धरल्या जात होत्या.

तडकलेल्या मुठीचं पिस्तूल आम्ही घेतलं. त्या उन्हाळ्यात सासरे आणखी चार वेळा त्या शेडमध्ये गेले. गंजलेल्या कानशी त्यांनी साफ करून आकाराप्रमाणे लावल्या, आणि कुणी न मागता वस्तू घट्ट पकडून धरणाऱ्या मोठ्या शेगड्याचा स्क्रूही बदलला. ते परत निघाले तेव्हा आजींनी त्यांच्यासाठी राखाडी लोकरीचा मफलर विणून दिला. नागपूरच्या हवेला तो वर्षातून आठवडाभर लागतो.

पिस्तूल दिवाणखान्यात काचेच्या चौकटीत आहे. पाहुणे विचारतात, खरं आहे का. नवरा हो म्हणतो. मग ते जवळ जाऊन पितळेची पट्टी बघतात आणि त्यांना पटत नाही.