ठुशीचा दोरा

चौऱ्याण्णव सालची ललिता पंचमी. डोंबिवलीच्या आमच्या घरी त्या सकाळी मी, पत्नी, थोरली बहीण अक्का आणि वीस वर्षांची मुलगी असे चौघे होतो. देव्हाऱ्यात शांतीसाठी काढलेले अकराशे रुपये होते. वर्षभर मुलगी सुस्तावली होती. केस गळत, ऐन मे महिन्यात चादर पांघरे, पुस्तकासमोर डुलक्या घेई, बी.कॉम.चं शेवटचं वर्ष हातचं जाईल असं दिसत होतं. अक्काचंही तरुणपणी असंच झालं. सासरच्यांनी आळशी म्हणून तिला परत पाठवलं. कुलदेवीचा गोंधळ राहिलाय, त्यामुळे घरातल्या बायकांना हे भोगावं लागतं, असं गुरुजी म्हणाले आणि त्यांनीच शांती सुचवली. माझा विश्वास अर्धामुर्धा होता, पण दुसरं काही सुचत नव्हतं.

पंचमीला देवीची ओटी आमच्याकडे आईची ठुशी घालूनच भरतात. ठाण्याला खाडीजवळच्या देवळात, रांगेत, मुलीच्या ठुशीची गाठ सुटली. मागे ओटीचं ताट घेऊन एक अनोळखी बाई उभ्या होत्या. "थांब गं, बांधते," म्हणाल्या आणि बांधता बांधता थबकल्या. "दोरा पुरत नाही की. आवंढा गिळ बघू." मग माझ्याकडे वळल्या. "भाऊ, गळा सुजलाय हिचा. थायरॉईड तपासलंत का?"

"गेल्या वर्षीच दोरा वाढवलाय," अक्का म्हणाली. "माझ्या वेळी आईनं वाढवला होता."

"मग तुमचाही गळा दाखवा, ताई."

अक्का हसली. "माझा आता कोण बघतंय?"

"मी बघतेय ना."

ओटी भरून बाहेर आलो, तर बाई कुठेच दिसल्या नाहीत.

नौपाड्यातल्या डॉक्टरांनी दोघींचं रक्त तपासून घेतलं. दोघींना एकच आजार निघाला: शरीराची राखण करणारी यंत्रणाच गळ्यातल्या ग्रंथीला परकी समजून तिच्यावर उलटते. "वारशानं आजार येतोच असं नाही, त्याच्याकडे कल येतो," डॉक्टर म्हणाले. "तुम्हाला काही झालं नसलं, तरी मुलीला तो तुमच्याकडून आला असावा."

त्या संध्याकाळी मी देवापुढे बराच वेळ बसलो. आईचं नाक माझ्याकडे आलं, माझ्याकडून मुलीकडे गेलं. हेही तसंच, नकळत गेलं. त्यात कुणाचा दोष नव्हता, देवीचा कोपही नव्हता. जे माझ्या हाती कधीच नव्हतं, ते देवीच्या पायाशी ठेवून उठलो. बाईंना तिनेच पाठवलं का, हे मी ठरवत नाही. त्या आमच्या मागे उभ्या होत्या, एवढं खरं.

रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी, बहुधा जन्मभर. मुलगी परीक्षेला बसली, पास झाली. अक्का पहाटे उठून गॅलरीतली तुळशीची कुंडी धुऊन-पुसून ठेवू लागली. एकदा मला म्हणाली, "मी आळशी नव्हते रे."

"नव्हतीस, अक्का."

अकराशे रुपये शांतीला गेले नाहीत, रक्ततपासणीवाल्याला दिले. पुढच्या पंचमीला दोन ओट्या नेल्या. एक देवीला. दुसरी, या खेपेला रांगेत आमच्या मागे जी कोणी उभी होती, तिला. ती अक्कानं भरली.