लहानीने न सांगितलेला रंग

सिद्धगडाच्या पायथ्याच्या वाडीत लहानी मेंगाळला कुणी "कशी आहेस" विचारलं, तर ती आधी विचारणाऱ्याच्या हातात काय आहे ते बघते. तिच्या बापाने एका ठेकेदाराच्या कागदावर अंगठा दिला होता, घरामागचे दोन वाळलेले साग तोडायला. तोडले गेले अकरा. तेव्हा ती नऊ वर्षांची होती. शाळा तिला मिळाली नाही, पण कागद घेऊन आलेला माणूस मला लांबून ओळखू येतो, असं ती म्हणते. नवरा भगीरथ अगदी उलटा. कुणी बसायला खुर्ची दिली की तेवढ्यानेच विरघळतो.

थंडीत लहानी रानातून करांद्यांचे कंद खणून आणायची, उकडायची आणि मुरबाडच्या रस्त्याला वाडीचा फाटा लागतो तिथे पळसाच्या पानांवर वाटे लावून बसायची. २०२१च्या डिसेंबरात एका शनिवारी सकाळी एक मोटार वळणावर रस्ता सोडून खाली आली आणि तिच्या डाव्या पायावरून गेली. थांबली नाही. मागून दुधाचा टेम्पो घेऊन कमळू येत होता. त्याने तिला उचलून दवाखान्यात पोचवलं, तिथून तिला मोठ्या इस्पितळात हलवलं. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. आत सळई घालावी लागली.

तिसऱ्या दिवशी पोलीस जबाब घ्यायला आले. गाडी कसली, रंग कोणता, कोण चालवत होतं?

"नाय दिसली," लहानी म्हणाली. भगीरथलाही तिने हेच सांगितलं.

दिसलं तिला सगळंच होतं. गाडी राखाडी होती, फाट्यापासून आत असलेल्या एका फार्महाउसची, दर शनिवारी येणारी. चालवणारा होता मालकाचा पुतण्या. त्याने तिच्याकडून दोनदा करांदेही नेले होते. पण त्या फार्महाउसवर वाडीतली चार माणसं कामाला होती, आणि मालकाची उठबस कुणाकुणाशी आहे ते तिला ठाऊक नव्हतं. कोण कुणाचा ते कळेपर्यंत तोंड उघडायचं नाही, असं तिने पडल्या पडल्या ठरवलं.

तिचा संशय तेवढ्यावर थांबला नाही. कमरेची पैशांची चंची सापडत नव्हती, ती कमळूनेच मारली, असं ती भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगू लागली. तिला उचलणारा तोच, मग दुसरं कोण?

आठवड्याने प्रणित नावाचा माणूस वॉर्डात आला. सापगावकडचा, इस्त्रीचा शर्ट, हातात सफरचंदांची पिशवी. अपघाताच्या भरपाईच्या केसेस मिळवून देतो, वकील माझा, खर्च माझा, म्हणाला. भगीरथने त्याला स्टूल सरकवून दिलं.

"मावशी, इथे, इथे आणि इथे अंगठा."

"वाच आधी."

त्याने घडाघडा वाचलं. लहानी त्याच्या तोंडाकडे नाही, बोटाकडे बघत होती. बोटाने चार पानं उलटली, आणि तोंडातून बाहेर पडलं ते एका पानाइतकंसुद्धा नव्हतं.

"बाकीचा काय झाला?"

"ते कायद्याचं असतं, मावशी."

"मंग कायद्याचाच वाच."

प्रणित हसला आणि कागद घेऊन गेला. ती घरी आल्यावर दोनदा चक्कर मारून गेला. चौथ्या खेपेला त्याने मोबाइलवर एका पांढऱ्या जीपचा फोटो दाखवला.

"ही गाडी ओळखायची. पोलिसांना सांगायचं, आता आठवलं."

"ही नव्हती."

"मला माहीत आहे. पण त्या राखाडी गाडीचा विमाच नाही. तिच्या मागे लागून तुम्हाला काही मिळायचं नाही. जीपचा विमा आहे, जीपवाला तयार आहे. पैसे कंपनी देणार, कुणाच्या खिशातून जात नाहीत."

लहानीने फोटो पुन्हा नीट बघितला. भगीरथला वाटलं, ती तयार झाली. "दोन दिवसांनी ये," ती प्रणितला म्हणाली. तो गेल्यावर तिने दार लावून घेतलं.

"राखाडी गाडी म्हणाला तो. मी रंग कोणाला सांगितला?"

"मनासुदा नाय सांगितलास," भगीरथ म्हणाला, आणि त्याच्या आवाजात दुखावलेपण होतं. बायकोने महिनाभर आपल्यापासूनही लपवलं, हे त्याला त्या दलालापेक्षा जास्त लागलं. तरी दुसऱ्या दिवशी तोच तिला रिक्षात घालून मुरबाडच्या कोर्टात घेऊन गेला. तिथे गरिबांना मोफत वकील मिळतो, असं अंगणवाडीच्या पारूताईने सांगितलं होतं.

वकीलबाईचं नाव रुचिता. लहानीने बसायच्या आधीच विचारलं, "तुमी फुकट का करता?"

"फुकट नाही करत. मला सरकार देतं, थोडं आणि उशिरा."

हे उत्तर लहानीला पटलं. तिने पहिल्यांदा सगळं सांगितलं. रुचिताने दाव्याचा अर्ज लिहिला आणि शब्द न् शब्द वाचून दाखवला. तरी लहानी तो वाडीत घेऊन गेली आणि पारूताईकडून पुन्हा वाचून घेतला. दोन्ही वाचनं जुळली, पण पारूताईने सावकाश वाचलं तेव्हा लहानी एका जागी थांबली. अर्जात मोडलेला पाय उजवा लिहिला होता. पहिल्यांदा ऐकताना तिच्याकडूनही ते निसटलं होतं. रुचिताने ते लगेच दुरुस्त केलं, आणि पुढचा प्रत्येक कागद आपणहून दोनदा वाचू लागली.

लहानीने नवा जबाब दिला, पोलिसांनी फार्महाउसची गाडी शोधली. तिचा विमा चालू होता. पुतण्याकडे लायसन्स नव्हतं. म्हणजे विमा कंपनी भरलेले पैसे मालकाकडून वसूल करू शकत होती, म्हणूनच मालकाला गाडी यातून बाहेर काढायची होती. प्रणितला त्याने पाठवलं, हे मात्र कधी सिद्ध झालं नाही. प्रणितचा फोन बंद झाला.

साक्षीदार हवा होता, आणि तो एकच होता. लहानी कुबडी टेकत कमळूच्या अंगणात गेली. त्याने आधी तिला चंचीचं ऐकवलं. चंची त्याने इस्पितळात तिच्या लुगड्याच्या गाठोड्यात बांधून दिली होती. गाठोडं घरी तसंच पडलं होतं, रक्ताचे डाग बघवत नाहीत म्हणून कुणी सोडलं नव्हतं.

"चूक झाली माजी," लहानी म्हणाली.

कमळूने तिला पाणी दिलं, पण बस म्हणाला नाही. साक्षीला मात्र आला. राखाडी गाडी फार्महाउसच्या वाटेला वळताना पाहिली, एवढंच त्याने सांगितलं.

ठाण्याला अपघात दाव्यांच्या न्यायाधिकरणासमोर विमा कंपनीच्या वकिलाने लहानीला उलटतपासणीला उभं केलं. "पहिल्या जबाबात गाडी दिसली नाही म्हणालात. नंतर कशी दिसली?"

"दिसली तवाच. सांगितली नव्हती."

"का?"

"भ्या वाटला. कोण कोनाचा, ते ठाव नव्हता."

वकील म्हणाला, म्हणजे बाई पोलिसांशी खोटं बोलली. ते लिहून घेतलं गेलं. बाहेर आल्यावर रुचिताने तिला स्पष्ट सांगितलं, की त्या एका वाक्यामुळे केस लांबेल. आणि ती लांबली, दीड वर्षाने.

निकाल २०२४च्या उन्हाळ्यात लागला. मागितलेल्यापेक्षा कमी मिळालं, पण मिळालं. कंपनीने भरायचं आणि मालकाकडून वसूल करायचं. अर्धी रक्कम लहानीच्या नावाने बँकेत मुदतीवर ठेवली. पाय पुरता वाकत नाही, त्यामुळे रान सुटलं. आता तिच्याकडे सहा शेळ्या आहेत.

भगीरथ त्या महिन्याबद्दल अजून बोलतो. "पोलिसाला नाय, ठीक. मना का नाय?"

परवा बँकेचा कागद आला, तेव्हा तो पारूताईकडे न्यायच्या आधी लहानीने त्याच्यापुढे धरला. भगीरथला सहीपुरतीच अक्षरं येतात. एकेक अक्षर लावत त्याने पहिली ओळ पुरी करेपर्यंत ती शेजारी बसून राहिली.