एकात दोन चुका

"माझ्यात आणि या बिघडलेल्या नाण्यांत फरक एवढाच, की त्यांना गिऱ्हाईक मिळतं," असं मामा एकदा म्हणाला होता.

सगळे हसले. सगळ्यांत आधी मामा हसला. ही त्याची जुनी रीत. दुसऱ्यानं टोमणा मारण्याआधी आपणच आपल्याला मारून घ्यायचा. निदान तो कुठे लागणार हे तरी आपल्या हातात राहतं. मी त्याचा भाचा, त्याच्याच घरी वाढलेला. हसण्याचं काम मला वेगळं शिकावं लागलं नाही.

मामा बटणांच्या कारखान्यात तपासनीस होता. सरकत्या पट्ट्यावरून बटणं यायची. चारऐवजी तीन भोकांचं, कडेला चेपलेलं, दोन रंगांत अडकलेलं बटण दिसलं की तो ते चिमटीनं उचलायचा आणि पायाशी ठेवलेल्या डब्यात टाकायचा. संध्याकाळी घरी आला की दिवा जवळ ओढून टाकसाळीत बिघडलेली नाणी पुढ्यात घेऊन बसायचा. एकाचा ठसा इतका सरकलेला, की अर्धा चेहरा नाण्याबाहेर पडलेला. एकाला कडच नाही. एकावर वर्ष दोनदा उमटलेलं, दारुड्याला दिसावं तसं.

"कारखान्यात फेकायचं आणि घरी कुरवाळायचं," मामी म्हणायची. "धन्य आहे."

"अगं, लग्नाच्या वेळी तूच नीट तपासायला हवं होतंस. तुझ्या जागी मी असतो तर मला केव्हाच डब्यात टाकलं असतं."

मामी हसायची नाही. भांडी आवरायला उठायची.

मामाची एकच इच्छा होती, आणि ती त्यानं थट्टेत गुंडाळूनही कधी सांगितली नाही, म्हणून मला ती खरी वाटायची. जगात एक खोली अशी आहे, जिथे आपण आलो की लोक खुर्ची सरकवतात, हे मामीनं एकदा डोळ्यांनी पाहावं. ती खोली म्हणजे नाणी जमवणाऱ्यांच्या मंडळाची. पण मंडळाच्या वार्षिक प्रदर्शनात मामाला कधी टेबल मिळालं नव्हतं, आणि मामी कधी आली नव्हती.

त्या वर्षी दोन्ही जुळून आलं, कारण मामाला ते नाणं मिळालं.

कधी कधी छापून झालेलं नाणं साच्यालाच चिकटून राहतं आणि पुढची कोरी चकती त्याच्यावर आपटते. मग तिच्या एका बाजूला चेहरा उठावाचा येतो, आणि दुसऱ्या बाजूला आकडा यायच्या जागी तोच चेहरा, उलटा, खड्ड्यात रुतलेला. असं नाणं जुन्या बाजारात एका फेरीवाल्याच्या चादरीवर पडलेलं होतं. नाणी जमवणाऱ्यांत खरेदीची एक पद्धत आहे: आवडलेल्या वस्तूकडे पाहून जांभई द्यायची. भिंग काढलं की मेलात. विकणारा सावध होतो. मामानं जांभई दिली. फेरीवाल्यानंही दिली. दोघं इतके कंटाळले होते, की कुणी कुणाला फसवलं हे कळायला मार्ग नव्हता.

घरी आल्यावर मात्र मामानं भिंग लावलं आणि मला ओरडून बोलावलं.

"बघ, त्या रुतलेल्या गालावर काय आहे!"

गालावर एक बारीक वाकडी रेघ होती. आकड्याची शेपटी.

"आकडा यायलाच नको होता, तरी थोडा आलाय! एकात दोन चुका! अरे, माझ्यासुद्धा एका वेळी एकच होते!"

प्रदर्शन वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर होतं. मामी ठेवणीतले कपडे घालून आली आणि मामाच्या टेबलामागे ताठ बसली, जणू तिचीच परीक्षा होती. लोक येत होते, वाकत होते, मामाला "सांगा ना" म्हणत होते. मामा सांगत होता. मामी नाण्याकडे नाही, ऐकणाऱ्यांच्या तोंडांकडे बघत होती.

मग डॉक्टर आले. हे दातांचे डॉक्टर, मंडळातले सगळ्यांत जाणते. त्यांनी समोर बसून नाणं दिव्याखाली धरलं, किडकी दाढ पाहावी तसं. बराच वेळ पाहिलं.

"ही शेपटी पाहिलीत?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"तीच तर गंमत आहे! दुसरी चूक!"

"दुसरी नाही हो. टाकसाळीत असं झालं असतं तर इथे आकडा उमटलाच नसता. हे साधं नाणं आहे. व्हाइसच्या लोखंडी जबड्यात दुसऱ्या नाण्यावर ठेवून आवळलंय. आधीचा आकडा पुरता दबला नाही, एवढंच."

टेबलाभोवती गर्दी जमली होती. मामाचा चेहरा क्षणभर कोरा झाला.

"म्हणजे चूक नाहीच का?" मामीनं विचारलं.

"चूक आहे, वहिनी, पण कुणीतरी मुद्दाम केलेली."

"मग काय बिघडलं? आपोआप झालेलीपेक्षा केलेलीला मेहनत जास्त."

कुणीतरी फिस्कन हसलं. तेवढ्यानं मामाला सूर सापडला.

"ऐका! बटणाचं नसलेलं भोक मला लांबून दिसतं, आणि हातातलं—"

लोक हसायला लागले. मीही. वाक्य पुरं व्हायची वाट मी कधीच पाहत नसे.

"पुरे," मामी म्हणाली. मोठ्यानं नाही. "तुम्ही आधी हसता, म्हणून हे हसतात. आज नको. आज मी आलेय."

हसू थांबलं. माझं तोंड उघडंच राहिलं. ते मिटायचं कसं, कळेना.

"तुम्हाला वाईट वाटलंय ना?" ती म्हणाली. "मग तसं म्हणा."

मामानं तिच्याकडे पाहिलं. ओठ हलले. आम्ही सगळे थांबलो, आणि खरं सांगायचं तर मी अजूनही विनोदाचीच वाट पाहत होतो. तो आला नाही. दुसरंही काही आलं नाही. त्यानं नाणं टेबलावर नीट ठेवलं, चष्मा काढून खिशात घातला. डॉक्टरांनी वाट द्यायला स्वतःची खुर्ची मागे ओढली, बाकीचेही बाजूला झाले, आणि मामा त्यांच्यामधून दाराबाहेर गेला.