कुसुमताईची ओळ

कुसुमताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेत निघालो होतो. दाजींचा आवाज अगदी सपाट होता. "मास्तर, तुमची ताई गेली. चहा घेतला आणि बसल्या जागी मान टाकली..." दिंडोरी रस्त्यावरच्या त्यांच्या मळ्यात पोहोचलो, तर अंगणात माणसे मावत नव्हती. आसपासच्या वस्त्यांवरच्या बायका एकेक करून पुढे येत होत्या, तिला हळदकुंकू लावत होत्या. हे मी मुद्दाम नोंदवतो, कारण यांतल्याच कित्येकजणी एके काळी संक्रांतीचे बोलावणे करताना तिचे दार टाळून पुढे जात असत.

कुसुमताई माझी मावसबहीण. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तिला कुणी नसताना आवाज ऐकू येऊ लागले. झोप उडाली, ती बांधावर उभी राहून एकटीच बोलू लागली. अंगारे-धुपारे झाले, आणि मग दाजींनी तिला नाशकातल्या मनोविकारतज्ज्ञांकडे नेले. काही आठवडे रुग्णालयात राहून चैत्राच्या सुमारास ती घरी आली. औषधांमुळे थोडी संथ झाली होती, पण बोलणे-वागणे आजारापूर्वीचेच. बदलले होते ते भोवतालचे लोक. ती समोर बसलेली असताना पाहुणे दाजींना विचारत, "आता बरी वागते ना?" आजारी माणसाला जे सोसावे लागते त्यात आजाराचा वाटा किती आणि भोवतालच्यांचा किती, हे वेगवेगळे मोजायला हवे, असे मला तेव्हापासून वाटत आले आहे. ताईची मागणी एकच होती. तिला पुन्हा द्राक्षबागेत विरळणीला जायचे होते. घड दाटू नये म्हणून त्यातले काही कोवळे मणी छोट्या, टोकदार कात्रीने काढून टाकतात. लग्न होऊन आल्यापासून हे तिचे आवडते काम. पण नेमकी कात्रीच तिच्या हाती द्यायला घर तयार नव्हते. ती रुग्णालयातून परतण्यापूर्वीच सासूबाईंनी घरातल्या सगळ्या कात्र्या लपवल्या होत्या.

थंडी पडली, विरळणी सुरू व्हायची होती. त्या रविवारी मी मळ्यातच होतो. मजूर बायका अंगणात खोळंबलेल्या, आणि सासूबाई दाजींना ओसरीच्या कोपऱ्यात नेऊन कुजबुजत होत्या, "कात्र्या गव्हाच्या कोठीत हायेत रे. पण ती चुलीपुढं बसलीय. तिला काहीतरी काम सांग, बाहेर काढ, मंग आणते." तेवढ्यात ताईच आतून आली. हातात फडक्याचे गाठोडे.

"हेच शोधताय ना, आत्याबाई?"

गाठोड्यात कात्र्याच होत्या. घरातला गहू काढणे, निवडणे, गिरणीत पाठवणे हे ताईचेच काम. ज्या बाईपासून कात्र्या लपवायच्या, तिच्याच हाताखालच्या कोठीत त्या ठेवल्या होत्या.

"चैत्रापासून ठाऊक आहे मला. दर खेपेला बाजूला ठेवते, परत आत सरकवते. गंजू नयेत म्हणून मधे खोबरेल पण लावलं."

"मंग बोलली का नाय?"

"तुम्ही एवढ्या जपून ठेवलेल्या... म्हटलं असू दे."

दाजींना हसू आवरेना. सासूबाईंनी आधी त्यांच्याकडे डोळे वटारून पाहिले, मग गाठोड्याकडे. ताईने गाठ सोडली, एक कात्री उचलली आणि तेवढीच हातात ठेवून म्हणाली, "आज मला बागेतली एक ओळ द्या."

सासूबाई म्हणाल्या, "घे. पण उन्हात लय येळ थांबू नको."

बागेत शिरताना यमुनाबाई नावाच्या एक मजूर कुरकुरल्या, "हिला माझ्या शेजारची ओळ नको गं बाई." त्यावर ताई शांतपणे म्हणाली, "मग तू पलीकडची घे, यमुना. तिकडं ऊन जास्त आहे." बायका हसल्या. यमुनाबाई हलल्या नाहीत.

यापुढे सारे सुरळीत झाले असे लिहिले तर ते खरे होणार नाही. पुढच्या वर्षांत ताईला दोनदा पुन्हा रुग्णालयात जावे लागले. पण परतल्यावर तिची ओळ तिच्यासाठी ठेवलेली असे, आणि कात्री मागावी लागत नसे. हळूहळू घरोघरच्या बायका तिला हळूच विचारू लागल्या, "काकू, आमच्या धाकट्याचं असंच हाय... डॉक्टर कुठला?" ती आवाज न उतरवता, सगळ्यांदेखत पत्ता सांगे.

ताईच्या पश्चात, पंधरवड्यापूर्वी मळ्यात गेलो होतो. विरळणी चालू होती. दुपारी बायका कडुनिंबाखाली भाकरी खायला बसल्या. जेवण उरकताच यमुनाबाईंनी हाक दिली, "गोळ्या घ्या गं." ही ताईने लावलेली सवय. आपली गोळी ती कधी लपून घेत नसे; "एकटीला कंटाळा येतो, तुमच्या पण काढा," म्हणे. पदरांच्या गाठी सुटल्या, बटवे उघडले. कुणाची रक्तदाबाची, कुणाची साखरेची. घोटीकडून या वस्तीवर सासरी आलेली एक तरुण सून गेल्याच वर्षी, ताई राहिली होती त्याच रुग्णालयातून परतली आहे. तिनेही आपली पुडी काढली. पाण्याचा तांब्या हातोहात फिरत तिच्यापर्यंत आला, ती वरून प्यायली, तांब्या पुढे गेला. यमुनाबाई पदर खोचत म्हणाल्या, "चला गं, ऊन कलायच्या आत उरकू." सगळ्या उठल्या. ती सूनही आपली कात्री घेऊन त्यांच्याबरोबर बागेत शिरली.