हिरव्यापासून लालपर्यंत

लालबागच्या मालन परब परळच्या एका कॉलेजात सत्तावीस वर्षं लॅब अटेंडंट होत्या. गिरणीच्या संपात वडील घरी बसले आणि बारावी सायन्सनंतर मालनताईंचं शिक्षण थांबलं. काचेची भांडी धुता धुता त्या जे बघत, ते मात्र डोक्यात पक्कं बसायचं.

सुचित्रा पीएचडीला आली ती कॅडमियम सेलेनाइडचा विषय घेऊन. हा पदार्थ एरवी काळपट. पण केसाच्या जाडीच्या वीस हजाराव्या हिश्श्याइतके त्याचे कण केले, तर जांभळ्या दिव्याखाली ते झळाळतात. सगळ्यात बारीक कण हिरवे दिसतात, थोडे वाढले की पिवळे, मग केशरी आणि लाल. पदार्थ तोच, नुसतं माप बदलायचं. एक द्रावण फ्लास्कमध्ये तापवायचं, दुसरं सिरिंजनं त्यात सोडायचं, की कण तयार होतात. सुचित्राला एकेका मापाचे कण वेगळे हवे होते. दोन वर्षं झाली तरी बाटलीत उतरायचा तो मातकट, मिसळलेला रंग. एकदा ती बेसिनपाशी रडत उभी होती.

"पोरी, तू सिरिंज घाबरत घाबरत दाबतेस," मालनताई म्हणाल्या. "तेल तापलेलं असताना भजी एकेक करून सोडली तर पहिली करपते, शेवटची कच्ची राहते. तसंच होतंय हे. आधी पडलेले कण मोठे होतात, मागाहून आलेले बारीक राहतात. एका दमात टाक."

सुचित्राचा हात धजेना. शेवटी मालनताईंनीच हातमोजे चढवले आणि सिरिंजमधलं द्रावण एका झटक्यात उकळत्या फ्लास्कमध्ये सोडलं. मग घड्याळ बघत ठरावीक सेकंदांनी थोडं थोडं काढून गार करायचं, म्हणजे कणांची वाढ तिथंच थांबते. चार महिने मालनताई वेळा बदलत राहिल्या, प्रत्येक वेळ वहीत टिपत राहिल्या. एका दुपारी खिडक्या झाकून दिवा लावला, तर पाच बाटल्या ओळीनं पेटल्यासारख्या दिसल्या. हिरव्यापासून लालपर्यंत, एकही रंग गढूळ नाही.

सुचित्रानं त्यांना मिठीच मारली. "पेपरवर तुमचं नाव असणार, मालनताई!" त्या रविवारी ती लालबागला जेवायला आली, बांगड्याचं तिखलं दोनदा मागून घेतलं. जाताना वही मागितली. मालनताईंनी ती पिशवीत घालून दिली.

पीएचडीच्या तोंडी परीक्षेला मालनताई प्रोजेक्टर लावून दाराशीच थांबल्या होत्या. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, पहिल्या दोन वर्षांतले नमुने इतके वाईट का?

सुचित्रानं इंग्रजीत उत्तर दिलं. अटेंडंटकडून हाताळणीत चुका होत होत्या, म्हणून मग सगळी पद्धत मी स्वतः बसवली.

मालनताईंना एवढं इंग्रजी कळत होतं. सुचित्राला ते ठाऊकही होतं.

पेपर आधीच छापून आला होता. परीक्षेनंतर मालनताईंनी तो उघडून शेवटपर्यंत वाचला. सेकंदांचे आकडे त्यांच्याच वहीतले. आभारांत गाइड होते, आईवडील होते, हॉस्टेलचं मांजरसुद्धा होतं.

"अटेंडंटनं रिॲक्शन केली हे कळलं असतं तर तुमचीच नोकरी गेली असती," कॉरिडॉरमध्ये सुचित्रा म्हणाली. "तुमच्यासाठीच केलं मी."

"नाव नको होतं मला," मालनताई म्हणाल्या. "पण चुका माझ्या?"

सुचित्रानं मोबाइल काढला आणि त्यात बघत राहिली.

मालनताईंनी अर्ज करून बॉटनीत बदली मागून घेतली. विभागप्रमुखांनी कारण विचारलं, तर गुडघे दुखतात म्हणाल्या. दोन वर्षांनी सुचित्राचा बंगळुरूहून फोन आला. तिथं नवी नोकरी होती, नवी लॅब, आणि रंग पुन्हा मातकट. "ताई, दाबताना मनगट कसं धरायचात हो तुम्ही?"

उत्तर त्यांच्या ओठांवर आलं होतं. बोटंसुद्धा आपोआप वळली.

"नाही सांगणार," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

वाटलं होतं, बरं वाटेल. तसं काही वाटलं नाही. ज्या पोरीला त्यांनी हातचं राखून कधी काही दिलं नव्हतं, तिला नाही म्हणायला तिनंच शिकवलं, हेच त्यांना लागलं. नवऱ्यानं विचारलं, कोणाचा फोन? "कॉलेजातली एक मुलगी," एवढंच बोलून त्या तांदूळ निवडायला बसल्या.