हिरामणकाकांचं खरं वय

"एकसष्ट?" किसनकाकांचा पासपोर्ट उघडा धरून डॉक्टर मॅडमनी विचारलं. "मग आज लस देता येणार नाही. आधी फिजिशियनला दाखवा, त्यांचं पत्र आणा. साठीनंतर पहिल्यांदाच घेणाऱ्याला ही लस कधीकधी जड जाते."

नागपूरचं सरकारी सेंटर, सकाळची वेळ. माझ्यासोबत दोन क्लायंट. एकाला लस टोचून झाली होती, किसनकाका दुसरे. मला आधी वैताग आला. उमरखेडहून पहाटे निघून आलेलो, आता पत्रासाठी पुन्हा खेप.

मग मी बाकड्याकडे पाहिलं. तिथं किसनकाकांचे मोठे भाऊ, हिरामणकाका, दंडावर कापूस दाबून बसले होते. लस घेऊन दहा मिनिटं झालेली. पासपोर्टवर त्यांचं वय एकोणसाठ.

धाकटा एकसष्ट, थोरला एकोणसाठ.

थोडं मागचं सांगते. उमरखेडला माझं ट्रॅव्हल्सचं छोटं ऑफिस आहे. मी बुद्धगया-लुंबिनीच्या बसा काढत या धंद्यात शिकले. आफ्रिकेची टूर ही पहिलीच. हिरामणकाका ढाणकीकडच्या एका तांड्यावरचे. झरी जामणीच्या जंगलात सरकारी जीपवर ड्रायव्हर म्हणून त्यांचा जन्म गेला. वाघ इतक्या वेळा पाहिला, की त्याचं त्यांना काही वाटत नव्हतं. सिंह मात्र पाहायचा होता. रिटायर झाले तसं पुण्याच्या मुलीनं, सवितानं, ठरवलं की बाबांना आफ्रिकेला न्यायचं. ती, तिचा नवरा आणि दोघे भाऊ. देश मी काढला, केनिया. घरच्या बायकांनी "पैसे देऊन जनावरं पाहाले कोण जाते" म्हणून साफ नकार दिला.

केनियात यलो फीव्हर नावाचा डासांचा ताप आहे. आपल्या देशात तो नाही, येऊ नये म्हणून सरकार फार कडक असतं. तिकडून परतताना लस घेतल्याचं पिवळं कार्ड नसेल तर विमानतळावरूनच उचलून वेगळं ठेवतात. कार्डही लस घेतल्यावर दहा दिवसांनी लागू होतं. ही लस जिवंत असते, म्हणजे रोगाचा विषाणूच अशक्त करून टोचतात. तरण्या शरीराला तो झेपतो. उतारवयात क्वचित लसच अंगावर उलटते. क्वचितच, पण उलटली तर लिव्हर, किडनी काही सोडत नाही.

हे मला माहीत होतं. एजंट म्हणून माहीत असायलाच पाहिजे. आणि दोघा भावांचे पासपोर्ट पहिल्यांदा टेबलावर आले तेव्हा वयाचा घोळ मी पाहिलाही होता. पाहून हसले होते. आमच्या भागात यात नवल नाही. अर्ध्या लोकांचा वाढदिवस शाळा उघडायच्या दिवसांत येतो, कारण तो गुरुजींनी ठरवलेला असतो. किसनकाका वेळेवर शाळेत गेले, स्वतः गुरुजी झाले, त्यांचा दाखला खरा. हिरामणकाका रोजंदारीवरून पर्मनंट होताना दाखला लागला, तेव्हा कोण्या भल्या गुरुजींनी वय जरा कमीच लिहून दिलं. नोकरी जास्त टिकेल, एवढाच हिशोब.

मी बाकड्यावर त्यांच्या शेजारी जाऊन बसले. हळूच विचारलं, "काका, खरं वय किती?"

त्यांचा चेहरा उतरला. "एकोणसाठ."

"किसनकाका तुमच्या पाया पडतात. मला लहान लेकरू समजू नका."

मग कापसाकडे पाहतच म्हणाले, "याडी सांगे, किसन्या झाला तवा मी बकऱ्या चारत होतो. पण मॅडम, कोणाले सांगू नका. सरकारी डॉक्टर हाय. कुठी लिहून टाकलं अन् पेन्शन बंद झाली त मी काय करू?"

याडी म्हणजे आई. बकऱ्या चारणारा पोरगा म्हणजे सहा-सात वर्षांचा तरी. मी बोटांवर मोजलं. अडुसष्टच्या आसपास. आणि लस तर अंगात गेलेली.

सांगावं तर माणूस पेन्शनच्या धास्तीनं मरतो, न सांगावं तर भलत्यानंच मरायचा. खोटं कशाला बोलू, मला माझ्यासाठीही भ्या वाटत होतं. फॉर्म मीच भरले होते. उद्या काही झालं तर तांडाच काय, अख्खं उमरखेड माझ्या नावानं खडे फोडणार. पाच मिनिटं मी पाण्याच्या कूलरपाशी नुसती उभी राहिले. मग आत गेले आणि डॉक्टर मॅडमना सांगितलं.

त्यांनी मला उभी-आडवी झापली. ते बरोबरच होतं. कागदाला हात लावला नाही, मात्र हिरामणकाकांना पुन्हा तपासलं, तासभर जास्त बसवलं आणि मला म्हणाल्या, "आता दिलेली काढता येत नाही. दहा दिवस नजर ठेवा. ताप, उलट्या, डोळे पिवळे, बरळणं, काहीही दिसलं तर एक तास थांबायचं नाही."

परतीच्या वाटेवर हिरामणकाका माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. मी सांगितलं, हे त्यांना कळलं होतं.

मी रोज सकाळ-संध्याकाळ फोन करायची. ते "बरा हाय" म्हणून कट करायचे. घरात माझं लक्ष लागेना. फोन वाजला की भीती वाटायची, नाही वाजला की जास्तच. पाचव्या दिवशी सकाळी किसनकाकांचा फोन आला.

"मॅडम, भियाले कालपासून ताप हाय. तुमाले सांगू नको म्हणते. दवाखान्यात वय इचारतील म्हणून भिऊन राह्यला."

भिया म्हणजे मोठा भाऊ. मी गाडी काढली. ढाणकीचा रस्ता मला पाठ आहे, पण त्या दिवशी संपता संपेना. तांड्यावर पोचले तर भर उन्हात हिरामणकाका गोधडी घेऊन बाजेवर पडलेले. अंग चटके देत होतं. मी त्यांची खालची पापणी ओढून पाहिली. म्हाताऱ्या माणसाचे डोळे तसेही मळकट असतात. पिवळे की मळकट, मला काही समजेना. सविताला पुण्याला फोन लावला आणि माझ्याच्यानं नीट बोलवलं नाही. "तू निघ" एवढंच म्हटलं.

गाडीत बसायला ते तयार होईनात. मी आवाज चढवला. "काका, पेन्शन जित्या माणसाले भेटते. उठा."

किसनकाकांनी त्यांना अक्षरशः उचलून बसवलं.

उमरखेडच्या खासगी दवाखान्यात डॉक्टर ओळखीचे होते. मी दार लावून घेतलं आणि सगळं सांगितलं. त्यांनी केसपेपरवर पासपोर्टचंच वय लिहिलं, आणि मनात खरं वय धरून लिव्हरच्या, किडनीच्या टेस्ट टाकल्या. सलाइन लावलं. रिपोर्ट दुपारी येणार होते. त्या चार तासांत मी चहाचा घोट घेतला नाही. किसनकाका भावाचे पाय चेपत बसले होते. एकदा हिरामणकाका झोपेत काही पुटपुटले आणि मला वाटलं, बरळायला लागले. मी नर्सला ओढत आणलं. ते पाणी मागत होते.

रिपोर्ट आले. लिव्हर ठीक, किडनी ठीक. डॉक्टर म्हणाले, लसीनंतर असा साधा ताप येतो, उतरेल. तिसऱ्या दिवशी उतरला. दहावा दिवस उलटेपर्यंत मी मात्र कोणाचं ऐकलं नाही, रोज तांड्यावर जाऊन डोळे पाहून आले.

राहिला प्रश्न किसनकाकांचा. फिजिशियननी पत्र दिलं नाही, बीपी होतं. भावाला सोडून हिरामणकाका जाणार नव्हते. म्हणून मी नवा देश शोधायला बसले, आणि पहिल्या अर्ध्या तासात सापडला. दक्षिण आफ्रिका. क्रूगर नॅशनल पार्क. तेच सिंह, तेच हत्ती, आणि यलो फीव्हरची लस नको. विमान मधे केनिया-इथिओपियात थांबणारं घ्यायचं नाही, मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरला विचारून घ्यायच्या, बस्स.

म्हणजे ती सुई कोणालाच लागत नव्हती. केनिया मी निवडला होता, ब्रोशरमधले फोटो चांगले होते म्हणून.

हे त्यांना न सांगता चाललं असतं. पण मग मला झोप लागली नसती. नवी तिकिटं घेऊन तांड्यावर गेले आणि सांगून टाकलं, "काका, चूक माझी. लस लागतच नव्हती." पुण्याहून आलेली सविता रागानं उठून आत गेली. हिरामणकाका मात्र लसीच्या दिवसानंतर पहिल्यांदाच माझ्याशी सरळ बोलले.

"तुम्ही डॉक्टरले सांगतलं, तवा मले तुमचा लई राग आला. पण म्या मरेपर्यंत सांगतलं नसतं. पेन्शनसाठी."

मग हात पुढं करून तिकिटं घेतली.

ते चौघे क्रूगरला जाऊन आले. सिंह दिसला. हिरामणकाकांचं मत असं, की वाघासारखा नाही, आळशी आहे.

आता माझ्याकडे टूर विचारायला कोणी आलं की मी आधी देश काढत नाही. कागदही मागत नाही. चहा सांगते, दार लोटते आणि विचारते, घरात तुमच्या पाया कोण पडतं, आणि तुम्ही कोणाच्या. लोक हसतात. मी हसत नाही.